चिघळ, घोळ आणि ऑफिस टाइम: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर ऑफिस टाइम या फुलझाडाच्या तीसेक कुंड्या आहेत. मोहोळ तालुक्यात माहेरच्या शेतात चिघळ ही रानभाजी आहे, ती कुणी लावलेली नाही. एकीच्या कांड्या मागायला लोक जिना चढून येतात, दुसरीला काढायला बाया सांगाव्या लागतात. आणि दोघी बहिणी. हे सांगितलं की समोरचा हमखास हसतो आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की एकदाच लिहून काढलेलं बरं.

बहिणी म्हणजे नेमक्या कशा?

दोघी पोर्टुलाका या एकाच प्रजातीतल्या. वनस्पतिशास्त्रात प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नाव, असं धरून चाला. या आडनावाच्या शंभराहून जास्त जाती जगभर पसरल्या आहेत. पूर्वी त्यांच्या कुळात इतरही बऱ्याच प्रजाती बसवलेल्या होत्या. २००९ सालच्या नव्या वर्गीकरणात त्या दुसऱ्या कुळांत गेल्या आणि आता पोर्टुलाकेसी कुळात ही एकटीच राहिली आहे. घर मोठं, राहणारी एकच.

सोलापुरात आपल्याला चार भेटतात. मोठी घोळ (ओलेरॅसिया): लालसर जाड देठ, चमच्यासारखी मांसल पानं, लहान पिवळं फूल. चिघळ (क्वाड्रिफिडा): दोऱ्यासारखी बारीक, जमिनीला चिकटून पसरणारी. ऑफिस टाइम (ग्रँडिफ्लोरा): सुईसारखी पण गोलसर, रसाळ पानं आणि गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी मोठी फुलं. चौथी हल्ली नर्सरीत टांगलेल्या कुंड्यांतून दिसते. तिची पानं घोळीसारखी चपटी आणि फुलं ऑफिस टाइमसारखी मोठी. ती बहुतेक वेळा अंब्रॅटिकोला किंवा तिचा संकर असते. तिचं फळ पिकायला लागलं की त्याच्या कडेला झालरीसारखी पापडी दिसते, ही तिची खूण.

चिघळ म्हणायचं, चिवळ म्हणायचं की घोळ?

तुमच्या घरी जे म्हणतात ते. आमच्याकडे चिघळ किंवा चिगळ, विदर्भातल्या माझ्या वहिनी चिवळ म्हणतात. साधारणपणे घोळ म्हणजे मोठ्या पानांची आणि चिघळ किंवा चिवळ म्हणजे बारीक पानांची. पण मंडईत हा भेद पाळतातच असं नाही, तेव्हा पान बघून घ्या.

सोलापुरात मजा अशी, की एकाच भाजीला गल्लीगणिक नाव बदलतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मोठ्या घोळीला गंगवायली कूर म्हणतात आणि डाळीत शिजवतात. कन्नड बोलणाऱ्या शेजारणी गोणी सोप्पू म्हणतात. हिंदीत कुल्फा. संस्कृतात लोणी किंवा लोणिका, म्हणजे खायचं लोणी नव्हे; लवणावरून आलेलं, तिच्या खारट-आंबट चवीवरून.

जखम चिघळते ते आणि हे नाव एकच का, असंही एका भाचीने विचारलं होतं. ज्याने एकदा कांद्याच्या वाफ्यातून ही खुरपली आहे, त्याला तसं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

पोर्टुलाका हे नाव कशावरून?

लॅटिनमध्ये ‘पोर्तुला’ म्हणजे छोटं दार. हे दार बघायचं असेल तर घोळीच्या शेंड्यावरचं वाळत आलेलं, गव्हाच्या दाण्याहून लहान असं फळ शोधा. मधोमध एक बारीक आडवी रेघ असते. नखाने वरच्या टोकाला हलकं ढकलल्यावर वरचा अर्धा भाग टोपीसारखा अलगद सुटून येतो आणि खाली वाटीत काळं, चमकदार बी दिसतं, खसखशीसारखं. मराठी वनस्पतिशास्त्रात अशा फळाला करंडा म्हणतात. कुंकवाचा करंडा ज्यांनी उघडला आहे त्यांना आणखी काही सांगायला नको.

बी आपसूक पडतं, वाऱ्याची किंवा पाखराची वाट बघत नाही. म्हणून चिघळ एकदा जिथे झाली तिथेच पुढच्या वर्षी गालिच्यासारखी येते.

मंडईतून किंवा रानातून आणताना चुकीची भाजी येऊ नये म्हणून काय बघायचं?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, देठ मोडा. पांढरा चीक आला तर टाकून द्या. जमिनीलगत पसरणाऱ्या दुधी तणाच्या (दुधी भोपळा नव्हे) काही जाती दुरून अगदी चिघळीसारख्या दिसतात, तांबूस देठ, बारीक पानं, सगळं तेच. त्यांच्यात दूध असतं आणि ते पोटाला, डोळ्याला चांगलं नाही. चिघळ आणि घोळ मोडली की पाणी येतं, थोडं बुळबुळीत, पण पाण्यासारखंच स्वच्छ. लक्ष्मी मंडईच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी मला हे पहिल्यांदा शिकवलं. मी दोन्ही हातांत वाटा उचलून बघत होते तर म्हणाल्या, “बघता काय ताई, मोडा की. दूध निघालं तर माझं तोंड बघू नका.”

दुसरी फसवी म्हणजे पांढरी घेटुळी, ट्रायांथेमा. ही पावसाळ्यात रानात आणि रस्त्याकडेला इतकी माजते, की घोळ समजून लोक पोतं भरून आणतात. तिची पानं जोडीजोडीने येतात आणि जोडीतलं एक मोठं, एक लहान असतं. फूल पांढरट किंवा फिकट गुलाबी, पानाच्या देठाच्या बुडाशी दडलेलं. घोळीचं फूल पिवळं आणि शेंड्याला, पानांच्या झुबक्यात. फूल नसेल तर पानांची जोडी बघा. काही ठिकाणी घेटुळीचीही कोवळी भाजी करतात, पण ती वेगळी भाजी आहे आणि तिच्यावर घोळीचे नियम लावू नका.

चिघळीची स्वतःची खूण: पेरापेराला पांढरे, कापसासारखे केस आणि पिवळ्या फुलाला चार पाकळ्या. मोठ्या घोळीला बहुधा पाच पाकळ्या आणि केस जवळजवळ दिसतच नाहीत.

तिसरी गोष्ट ओळखीची नाही, जागेची आहे. गटारीच्या कडेची, रस्त्याच्या दुभाजकावरची, आदल्या आठवड्यात फवारणी झालेल्या शेतातली घोळ कितीही कोवळी दिसली तरी घेऊ नका. ही भाजी मातीतून जे मिळेल ते ओढते, आणि आपण ती पानांसकट, देठांसकट खातो.

भाजी कशी करायची?

चिघळ निवडायची म्हणजे मुळं तोडायची, एवढंच. कोवळे देठ काढायचे नाहीत, त्यांतच चव आहे. मात्र धुण्याचा कंटाळा करू नका. पसरून वाढणारी भाजी असल्याने पेरात रेती अडकलेली असते. परातीत भरपूर पाणी घेऊन भाजी वर उचलायची, पाणी ओतायचं, पुन्हा. तीन पाण्यांनंतरही तळाशी माती दिसली तर चौथं पाणी. भाकरीबरोबर दाताखाली कचकच आली की सगळ्या मेहनतीवर पाणी.

आमच्या घरी दोन तऱ्हा. एक सुकी: तेलात जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, मग चिरलेली चिघळ. पाणी घालायचं नाही, तिचंच सुटतं. झाकण काढून आटवायची, शेवटी शेंगदाण्याचं कूट. दुसरी पातळ: घोळ आणि तूरडाळ एकत्र शिजवून घोटायची, थोडं ज्वारीचं पीठ लावायचं आणि वरून लसणाची फोडणी. अंबाडी किंवा चुका हाताशी असेल तर त्यात मिसळून गरगट्टं. सासूबाई म्हणतात चिघळ शिजवताना मीठ नेहमीपेक्षा कमी घालायचं. आधी मी ऐकलं नाही, दोनदा भाजी खारट झाल्यावर ऐकलं.

चव कधी आंबट लागते, कधी नाही. असं का?

याचं उत्तर मला स्वतःला इतकं आवडतं की लोक न विचारता मी सांगते.

बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. छिद्रं उघडली की पाणीही उडून जातं. ज्वारी, मका, ऊस यांनी यावर एक युक्ती काढली आहे. ते घेतलेला कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी दाबून साठवतात आणि मग वापरतात, म्हणून कडक उन्हात कमी पाण्यावर वेगाने वाढतात. या पद्धतीला सी-फोर म्हणतात. निवडुंगाची युक्ती वेगळी. तो दिवसा दारं बंदच ठेवतो, रात्री उघडतो, आणि घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात सकाळपर्यंत धरून ठेवतो. त्याला कॅम म्हणतात. वाढ संथ, पण पाण्याची भलतीच बचत.

घोळ दोन्ही करते. पाणी असताना ज्वारीसारखी, पाणी तुटलं की त्यात निवडुंगाची युक्ती मिसळते. या दोन पद्धती एकाच वनस्पतीत नीट नांदतील का, यावर शास्त्रज्ञांना बरीच शंका होती. २०२२ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की घोळीच्या पानात दोन्ही क्रिया एकाच पेशींमध्ये, एकमेकींत गुंतून चालतात.

आणि आम्ल म्हणजे आंबट. मे महिन्यात मी गच्चीवरच्या एका कुंडीतल्या घोळीचं पाणी आठवडाभर तोडलं. पहाटे साडेपाचला एक पान चावून बघितलं, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं आंबट. त्याच झाडाचं पान संध्याकाळी पाचला खाल्लं तर जवळजवळ फिकं, नुसतं खारट. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसभरात खर्ची पडलं होतं. घरी करून बघा, खर्च शून्य. आंबट आवडत असेल तर भाजी सकाळी खुडा, नको असेल तर दुपार उलटल्यावर.

खायला पौष्टिक आहे म्हणतात ते खरं, की मोबाइलवरचे मेसेज?

निम्मं निम्मं. खरा भाग असा, की घोळीत अल्फा-लिनोलेनिक आम्ल नावाचं ओमेगा-थ्री असतं आणि पालेभाज्यांत तितकं क्वचितच सापडतं. १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम. मात्र हे वनस्पतीतलं ओमेगा-थ्री आहे, माशातलं नव्हे, आणि शरीर त्याचं माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोड्या प्रमाणात करतं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क जीवनसत्त्वही चांगलं. “चिघळ खा, मधुमेह पळवा” हा मेसेज मला वर्षातून चार वेळा येतो. तो पुढे पाठवू नका.

मूतखडा असेल तर?

टाळा, किंवा डॉक्टरांना विचारून खा. घोळीत ऑक्झॅलेट (बहुतेक मूतखडे ज्याचे बनतात ते) भरपूर असतं, पालकाच्या तोडीस तोड. आणि आपल्याकडचा उन्हाळा, कमी पाणी पिण्याची सवय, हे सगळं खड्याला पोषकच. ज्यांना त्रास नाही त्यांनी दह्याताकाबरोबर खाल्ली तर चांगलं, कारण दह्यातलं कॅल्शियम बरंच ऑक्झॅलेट आतड्यातच बांधून ठेवतं. उकळून पाणी टाकलं तरी कमी होतं, पण मग चवही त्या पाण्याबरोबर जाते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर कुठलीही पालेभाजी एकदम जास्त सुरू करू नये, हेही लक्षात असू द्या.

शेळ्यांना घातली तर चालते?

चाऱ्यात थोडी मिसळून चालते. उपाशी शेळ्या-मेंढ्यांना नुसत्या घोळीच्या रानात सोडू नका. तिथेही कारण ऑक्झॅलेटच, रिकाम्या पोटी ढीगभर गेलं तर विषबाधा होते. कुत्र्या-मांजरांनाही ती सोसत नाही.

ऑफिस टाइम खाता येतो का?

भाजी खायची तर चिघळ आहे ना. नर्सरीतल्या फुलझाडांवर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला कुणी सांगत नाही.

शेतातली चिघळ कितीही खुरपली तरी परत येते. काय करावं?

ज्या गुणांमुळे ऑफिस टाइम लावायला सोपा, त्याच गुणांमुळे चिघळ काढायला अवघड. तुटलेली कांडी मरत नाही, हा पहिला गुण. पानात आणि देठात पाण्याचा साठा असतो, त्यावर ती उपटल्यानंतरही कित्येक दिवस जगते आणि ओल मिळाली की पेरातून मुळं फोडते. माहेरी एका वर्षी कांद्यातली सगळी घोळ खुरपून बांधावर रचली. चार दिवसांनी पाऊस झाला. पंधरवड्याने बांधावर घोळीचं हिरवंगार रान, आणि तिथून ती परत वाफ्यात. वडील कुणाला काही बोलले नाहीत, कारण बांधावर टाका असं त्यांनीच सांगितलं होतं.

दुसरा गुण बी. एक मोठं झाड दोन लाखांहून जास्त बिया देऊ शकतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पिकलेलं बी. उपटलेल्या झाडावरची कच्ची फळंसुद्धा वाळता वाळता पिकून घेतात. आणि बियांची चिकाटी तर विचारूच नका. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांच्या बिया वाळूत मिसळून बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या, दर काही वर्षांनी एक बाटली काढून बघायची असं ठरवून. घोळीचं बी त्यात ४० वर्षांनंतरही उगवलं.

तेव्हा उपाय याच दोन गोष्टींवर बेतायचे. फूल यायच्या आत काढा. पिवळं दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. खुरपल्यावर गोणीत भरा आणि वाफ्याबाहेर न्या. कडक ऊन असेल तर खडकावर किंवा पत्र्यावर मुळं वर करून पसरा, काळ्या रानावर नको. कोळपणी उथळ ठेवा. बी वरच्या एक-दोन सेंटिमीटर मातीतूनच उगवतं आणि त्याला उजेड लागतो, त्यामुळे खोल कोळपलं की खाली गाडलं गेलेलं जुनं बी वर येऊन नवी लाट उठते.

उजेड अडवणं हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. आपल्याकडे उसाचं पाचट आहे, ते पेटवण्याऐवजी ओळींत चार बोटं जाड अंथरलं की घोळ फार कमी डोकं वर काढते. रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी सोलापूरच्या मे महिन्याचा फायदा घ्या. वाफा भिजवून, पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून, कडा मातीत गाडून महिना-दीड महिना ठेवा. खालची माती इतकी तापते की वरच्या थरातलं पुष्कळ बी मरतं. सगळं नाही.

कांद्यात पेंडिमेथालिनसारखं उगवणीपूर्वीचं तणनाशक वापरतात आणि त्याने घोळ आटोक्यात राहते. पण एकदा उगवलेल्या घोळीवर त्याचा उपयोग नाही. मात्रा डब्यावरच्या पत्रकाप्रमाणेच घ्या, शेजाऱ्याच्या अंदाजाने नको.

डाळिंबवाल्यांची तक्रार वेगळी असते: ड्रिपरखाली वर्षभर ओल, वर्षभर चिघळ. फळझाड मोठं असेल आणि चिघळ खोडापासून लांब असेल तर मी म्हणेन थोडी राहू द्या आणि घरी भाजी न्या. मात्र तिच्यावर पिठ्या ढेकूण बसलेला दिसला तर लगेच काढा, कारण तिथून तो बागेत चढतो.

खारवट जमिनीत खरंच येते का?

येते. उसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या तुकड्यांवर इतर काही नीट उभं राहत नाही तिथे घोळ तजेलदार दिसते. ती मीठ सोसते, म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी खारवट जमिनीतली भाजी म्हणून तिच्याकडे बघतात. आपल्याकडे मात्र अजून ती फुकट उगवणारी भाजीच आहे.

आता फुलांकडे. ऑफिस टाइम मूळचा कुठला?

चिनी गुलाब म्हणतात म्हणून चीनचा वाटतो. आहे दक्षिण अमेरिकेचा: अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील. तिथल्या कोरड्या, वाळूच्या मैदानांवर तो आपोआप उगवतो. १८२९ साली हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन छापलं आणि मग तो बागाबागांतून जगभर गेला. कोरडं माळरान त्याच्या रक्तातच आहे म्हणून सोलापूर त्याला मानवतं.

फुलं दहालाच का उमलतात?

त्यांना घड्याळ नाही, ऊन आणि ऊब कळते. उन्हाळ्यात आमच्याकडे साडेआठलाच पूर्ण उमलतात आणि बारा-एकपर्यंत मिटायला लागतात. डिसेंबरात दहा-साडेदहा होतात. ढगाळ दिवशी ऑफिसला दांडी. एक फूल एकच दिवसाचं, दुसऱ्या दिवशी दुसरी कळी. नव्या संकरित वाणांची फुलं दुपारपर्यंत जास्त वेळ टिकतात, पण तासाभराच्या फरकासाठी मी तरी जास्त पैसे देत नाही.

उमललेल्या फुलापाशी असाल तर एक गंमत करा. झाडूची काडी घेऊन मधल्या पिवळ्या केसरांना एका बाजूने हळूच स्पर्श करा. दोन-तीन सेकंदांत सगळे केसर काडीच्या दिशेने वाकतात. मधमाशी आली की तिच्या अंगाला पराग लागावा म्हणून ही सोय. लहान मुलं आली की मी हेच दाखवते आणि मग त्यांना कुंड्यांपासून ओढून न्यावं लागतं.

झाड हिरवंगार आहे, पण फूलच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक. ऊन कमी: किमान सहा तास थेट ऊन हवं, बाल्कनीतला उजेड चालत नाही. खत जास्त: शेणखत आणि युरियाने पाला माजतो, फुलं रुसतात. पाणी जास्त: हे सगळ्यांत जास्त घडतं.

पहिल्या वर्षी माझ्या अकरा कुंड्या पाण्याने मेल्या. नळाला पाणी आलं त्या दिवशी सगळ्या झाडांना भरभरून घालायची सवय. गुलाबाला चाललं, जास्वंदाला चाललं. ऑफिस टाइमचे देठ बुडाशी काळे, चिकट झाले आणि हात लावला की गळून आले. आता बोट मातीत पेरभर खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी. मे महिन्यात लहान कुंडीला एक दिवसाआड लागतं, पावसाळ्यात आठ-दहा दिवस हात लावायचा नाही.

माती कोणती?

आपली काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून ठेवते. एक भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, थोडं जुनं कुजलेलं शेणखत. उथळ कुंडी पुरते, मुळं खोल जात नाहीत. जुन्या घमेल्याला भोकं पाडून लावलेला ऑफिस टाइम माझ्या महागाच्या कुंड्यांपेक्षा जास्त फुलतो, याचं मला जरा वाईटच वाटतं.

बी लावावं की कांडी?

कांडी. बोटभर लांब शेंडा कापा, खालची पानं काढा, सावलीत एक दिवस पडू द्या म्हणजे जखम सुकते, मग मातीत खोचा. दहा-बारा दिवसांत पकडते. बियांतून रंग खात्रीने येत नाही. मी एकदा नर्सरीतून “पिवळा डबल” म्हणून पुडी आणली आणि सगळी रोपं साधी किरमिजी निघाली. भांडायला गेले नाही, किरमिजीही छानच होता. बी लावायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा. एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार बिया असतात, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा आणि वर माती घालू नका.

रंग इतके भडक कसे?

जास्वंद, गोकर्ण यांचे रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचे. पोर्टुलाकाचे रंग बीटालेनचे, म्हणजे बीटचा लाल रंग ज्या गटातला त्याच गटातले. निसर्गात हे दोन गट एका झाडात एकत्र सापडत नाहीत. घोळीचा देठही त्याच रंगाने लाल होतो.

पानं कुणीतरी खाऊन टाकली आहेत. फवारू का?

आधी पानाखाली बघा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण आहे. जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा. काळी, काटेरी केसांची अळी दिसली तर थांबा. ती डॅनाइड एगफ्लाय फुलपाखराची असू शकते. त्याची मादी घोळीवर अंडी घालते. नर काळा, पंखांवर मोठे पांढरे चांद, कडेला जांभळी झाक. मादी मात्र नारिंगी आणि हुबेहूब प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखरासारखी, कारण प्लेन टायगर पाखरांना बेचव लागतं आणि या मादीला त्याच्या नावावर जगायचं असतं. आमच्याकडे एक मोडकी कुंडी घोळीसाठी मुद्दाम राखून ठेवली आहे, अळ्या सापडल्या की तिथे नेऊन सोडते.

नर्सरीत जेड म्हणून मिळतं तेही हेच का?

नाही. ते पोर्टुलाकारिया, आफ्रिकेचं, लाकडी खोडाचं झुडूप आणि कूळही वेगळं. नावात साम्य, पानात थोडं साम्य, बाकी काही नाही.

पावसाळ्यात झाडं वाचवायची कशी?

जूनच्या पहिल्या पावसाआधी प्रत्येक रंगाच्या चार-पाच कांड्या एका कुंडीत लावून ती छज्जाखाली ठेवते, जिथे ऊन येतं पण पाऊस लागत नाही. बाकीच्या जगल्या तर जगल्या. सप्टेंबर संपता संपता त्या एका कुंडीतून परत तीस होतात.

तुमच्याकडून कांड्या मिळतील का?

ओळखीतल्या सगळ्यांना देते, पैसे घेत नाही. येताना प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यात कांड्या उकडून मऊ पडतात. जुनं वर्तमानपत्र आणा. आणि सकाळी लवकर येऊ नका, फुलं मिटलेली असली की रंग मलाही ओळखता येत नाहीत. दहानंतर या.